तळ न दिसलेली कढई

आमच्या दुकानातली कढई दुकान काढल्यापासून एकदाही रिकामी झालेली नव्हती, आणि ही गोष्ट माझ्या सासरी अभिमानाने सांगितली जायची. पाहुणे आले की नाना, म्हणजे माझे सासरे, त्यांना हाताला धरून भट्टीपाशी न्यायचे आणि म्हणायचे, "पहिल्या दिवशी जे तेल घातलं ना, ते अजून हाय ह्यात." पाहुणे कौतुकाने वाकून बघायचे. मी मागे उभी राहून ओकारी गिळायचे.

सातपूरला कारखान्यांच्या रस्त्यालगत आमचं भज्यांचं आणि चिवड्याचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर. नाना आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, निफाडकडच्या एका खेड्यातून इथे आले तेव्हा त्यांच्याकडे एक लोखंडी कढई, एक झारा आणि आत्याबाईंचा हात एवढंच होतं. आता शिफ्ट सुटली की कामगार मोटरसायकली आडव्यातिडव्या लावतात आणि भट्टीभोवती घोळका करतात. सगळ्या रस्त्याला आत्याबाई 'मावशी' आहेत. मावशींच्या भज्यांची चव अख्ख्या नाशकात दुसरीकडे मिळत नाही, असं लोक म्हणतात. मला विचाराल तर मिळत नाही ही देवाची कृपाच.

नियम असा होता. दुकान बंद करताना कढईवर परात झाकायची. सकाळी जेवढं तेल कमी झालं असेल तेवढं डब्यातून नवीन ओतायचं. तळ दिसू द्यायचा नाही. तळ दिसला की बरकत गेली. लक्ष्मीपूजनाला सगळं जग भांडी घासूनपुसून पूजेला मांडतं, आमच्याकडे त्या काळ्या तेलाने भरलेल्या कढईला बाहेरून हळदकुंकू लागायचं. काठावर जमलेला डांबरासारखा थर इतका जाड होता की कुंकू त्यावर चिकटायचं आणि पुढच्या वर्षीपर्यंत तिथेच राहायचं. मागच्या वर्षीचं कुंकू, त्याच्या मागच्या वर्षीचं कुंकू, त्यात अडकलेली एखादी चिलटाची तंगडी. मी नवीन सून म्हणून आले तेव्हा ओवाळायचा मान माझा होता. ओवाळताना मी श्वास रोखून धरला होता आणि सगळ्यांना वाटलं, पोरगी किती भक्तिभावाने करते आहे.

नाशिक रोडच्या एका ज्युनियर कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते. अभिक्रियेचा वेग कशाकशाने वाढतो, हा धडा दरवर्षी घ्यावा लागतो. उष्णता वाढवा, वेग वाढतो. तापमान दहा अंशांनी चढलं की साधारण दुप्पट होतो. एकमेकांना भिडणारा पृष्ठभाग वाढवा, वेग वाढतो. पदार्थाचं प्रमाण वाढवा, वेग वाढतो. उत्प्रेरक घातला तर विचारूच नका. पुस्तकात हे सगळे घटक आपापल्या परिच्छेदात शहाण्यासारखे बसलेले असतात. आमच्या कढईत ते एकत्र कुटुंबासारखे नांदत होते. खाली दिवसभर भट्टी. वर परातीएवढं तोंड, म्हणजे हवेला मोकळं रान. बटाट्याच्या कापांतून सुटणारं पाणी. तळाशी जळत पडलेला बेसनाचा चुरा. आणि कढई लोखंडाची. लोखंड तर तेल बिघडवायला वर मदत करतं. त्या तेलाने चांगलं राहावं तरी कसं?

ते राहिलंच नव्हतं. झाऱ्यातून पडताना त्याची तार धरायची. भजी सोडली की वर जो फेस यायचा तो भजी काढल्यावरही बसायचा नाही, पिवळट बुडबुडे तसेच तरंगत राहायचे. भट्टीमागच्या भिंतीवर चिकट, तपकिरी ओघळ. धूर ओढणारा पंखा लावला होता, त्याच्या जाळीतून काकवीसारखे थेंब खाली लोंबायचे आणि कोणी पुसले नाहीत तर भज्यांच्या परातीजवळ पडायचे. आणि वास! तळणीचा खमंग वास वेगळा. हा घशाला टोचणारा, डोळ्यांत पाणी आणणारा, शिळा, खवट वास होता. जिन्यातून तो वर यायचा, उशीच्या अभ्र्यात शिरायचा. बसमध्ये माझ्या शेजारची बाई इकडेतिकडे बघत म्हणायची, कोणी भजी आणलीत का हो? मी खिडकीबाहेर बघायचे. माझे कपडे मी वेगळे धुवायचे, गच्चीच्या पार टोकाला वाळत घालायचे. दुकानातलं मी कधी खाल्लं नाही. पित्त आहे, असं सांगून ठेवलं होतं.

एवढं सगळं मी सहन केलं असतं. चिडचिड करत, नवऱ्याला टोमणे मारत, पण केलं असतं. गेल्या उन्हाळ्यात आत्याबाई भट्टीपाशी खोकता खोकता तेलाच्या डब्यावर बसल्या आणि त्यांना उठता येईना. ओठ निळसर पडले होते. झारा हातात तसाच.

दवाखान्यात डॉक्टरांनी मशीनमधून औषधाची वाफ दिली, छातीचा फोटो काढला आणि बाहेर येऊन संतोषला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, आणि मला सांगितलं, "श्वासनळ्या कायमच्या सुजून बसल्यात. आयुष्यभर धूर घेतलाय त्यांनी. आता धूर बंद. नाहीतर पुढच्या खेपेला काय होईल ते मी सांगू शकत नाही."

संतोषने आईला समजावलं. "आई, भट्टीवर माणूस ठेवू. तू गल्ल्यावर बस."

"दुसऱ्याच्या हातची भजी खायला कोन येईल इथं?" त्या म्हणाल्या. आणि औषधाचा पंप कमरेला खोचून परत भट्टीपुढे उभ्या राहिल्या.

म्हणजे बाई धुरापासून हलणार नव्हती. मग धूरच बाईपासून हलवायला हवा होता, आणि धुराचं मूळ ते तेल होतं. ताजं चांगलं तेल भज्यांच्या आचेला धूर सोडत नाही. आमचं तेल भट्टी नुसती पेटवली की निळा धूर सोडत फुरफुरायला लागायचं.

मी नानांपाशी विषय काढला. नाना तसे भांडखोर नाहीत, पण कढईचं नाव काढलं की त्यांचा चेहरा दगडी होतो.

"सूनबाई, आपण तेल काय हलकं वापरतो का? रोज नवा डबा ओततो की. अर्ध्याच्या वर तेल तर नवंच आसतं."

"नाना, नवीन तेल जुन्यात पडलं की तेही त्याच्याच वाटेने जातं. उलट लवकर जातं. जुन्यात जे बिघडलेलं असतं ते नवीनलाही बिघडवतं. नासक्या दुधात ताजं दूध ओतून ताजं होतं का?"

"दूध येगळं, तेल येगळं."

मला इतका संताप आला की मी वर जाऊन दोन पातेली काढली. रविवार होता, सगळे घरी होते. दोन्ही पातेल्यांत एकाच डब्यातलं कोरं तेल घेतलं. एका पातेल्यात कढईतलं थोडं जुनं तेल मिसळलं, डावभर. कॉलेजातून आणलेला थर्मामीटर आलटूनपालटून दोन्हींत धरला. शेगडीचे दोन बर्नर सारखे ठेवले आणि नानांना खुर्ची दिली.

जुनं मिसळलेल्या पातेल्यातून धूर निघाला तेव्हा दुसरं पातेलं चकचकीत, निवांत होतं. थर्मामीटर दोन्हीत सारखाच आकडा दाखवत होता. संतोष खोकत खिडकी उघडायला धावला.

नाना म्हणाले, "त्या बाजूची शेगडी जोरात हाय."

मी पातेली धुतली, कोरडी केली, बर्नरची अदलाबदल केली आणि सगळं पहिल्यापासून केलं. पुन्हा तेच. आतल्या खोलीतून आत्याबाईंचा खोकला ऐकू येत होता, बंद दारामागून, उशी तोंडावर धरून खोकल्यासारखा. नाना उठले आणि म्हणाले, "करा काय करायचं ते. म्या बघायला येनार नाय."

दुकान बंद ठेवून आम्ही कढई रिकामी केली. वापरलेलं तेल इंधनासाठी गोळा करून नेणारी गाडी येते, तिच्या पिंपात ते ओतलं. वरचं तेल पातळ होतं, मधलं मधासारखं, आणि खालचं पडेचना. ते कलथ्याने ढकलावं लागलं. आणि मग तळाला जे होतं ते! चार बोटं जाड काळी पेंड, बाहेरून कडक, आतून ओलसर, खरवडली की आतून असा वास यायचा की संतोष, जो त्या वासात लहानाचा मोठा झाला, तोही नाक धरून रस्त्यावर गेला. त्या पेंडीत बेसन होतं, मिरचीचं देठ होतं, एक वाकलेला खिळा होता, आणि एक झुरळ होतं की झुरळाच्या आकाराचा कांदा होता, हे मी बघायचं नाकारलं. हे सगळं माझ्या नवऱ्याच्या पोटात गेलेलं. माझ्या लग्नातल्या चिवड्यातून माझ्या माहेरच्यांच्या पोटात गेलेलं.

थंड पाण्याने काही निघेना. मग धुण्याचा सोडा घालून कढईतच पाणी उकळत ठेवलं. उष्णता तशी कोणाची मिंधी नसते; तेलाला बिघडवते, तशीच घाणीला सोडवते. जे थंड पाण्यात खरवडून निघालं नव्हतं ते उकळत्या सोड्यात तासाभरात साबणासारखं सुटून वर आलं, राखाडी, गाठीगाठींचं. मी ते उपसलं आणि पहिल्यांदा मला त्या कढईचा तळ दिसला. साधा, करडा लोखंडी तळ. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. आत्याबाई तेवढ्यापुरत्या आत येऊन गेल्या, कढईत न बघता फळीवरचं काहीतरी सारखं करून वर निघून गेल्या.

पहिल्या दिवशी कोऱ्या तेलात भजी सोडली तेव्हा धूर नव्हता. तळणीचा खरा आवाज आला. आत्याबाई सबंध दुपारभर खोकल्या नाहीत. मी कॉलेजातून लवकर आले होते आणि जिन्यात बसून नुसती ऐकत होते.

पण भजी फिकी निघाली. अगदी कोऱ्या तेलाचं तसंच असतं, रंग पटकन येत नाही. दोन घाणे निघाले की येतो. गिऱ्हाइकांना हे कोण सांगणार? एकाने भजं उलटंपालटं करून बघितलं आणि हसत म्हणाला, "मावशी, आज काय दवाखान्यातली भजी का?" दुसरा म्हणाला, "हात गेला मावशीचा." सगळे हसले. आत्याबाईही हसल्या. रात्री जेवताना त्या अर्धी भाकरी ठेवून उठल्या.

ठरलं असं की तेल दोन दिवसांनी पूर्ण बदलायचं. संतोष जुनं पिंपात ओतायचा, कढई घासायचा, आत्याबाई सकाळी नवीन ओतायच्या. पहिला आठवडा छान गेला. मग तेल लवकर काळं पडायला लागलं. दोन दिवस काय, पहिल्याच दुपारी फेस, पहिल्याच संध्याकाळी धूर. गिऱ्हाइकं मात्र खूश. मावशी, आता कसं! आता चव आली! आणि आत्याबाईंचा खोकला परत आला.

मला काही कळेना. आच मोजली, जास्त नव्हती. मीठ लावून पाणी सुटलेले कांदे आधी पिळून घ्यायला सांगितले, चुरा घाण्यामागे काढायला सांगितला, दोन्ही आत्याबाई करत होत्या. मग तेलवाल्याकडे गेले आणि त्याच्या दुकानात, चार लोकांसमोर, भेसळ करतो म्हणून त्याला नको ते बोलले. त्याने बिचाऱ्याने सीलबंद डबा माझ्यासमोर फोडून दाखवला. मग मला संतोषचा संशय आला, की हा आळशीपणा करतो आणि तेल अर्धंच ओततो. त्यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं, दोन दिवस अबोला. आणि खाली तो खोकला चालूच. पंपातलं औषध महिनाभर पुरायचं ते आठवड्यात संपायला लागलं.

एके दिवशी परीक्षेमुळे मला सकाळची सुट्टी होती. आत्याबाईंना ते माहीत नव्हतं. मी खाली उतरले तेव्हा त्या घासलेल्या कढईत नवीन डबा ओतत होत्या. ओतून झालं. मग त्यांनी फळीवरच्या पिठाच्या डब्यामागून एक झाकणाची किटली काढली, झाकण उघडलं, आणि वाटीभर काळं, तार धरणारं तेल त्या स्वच्छ तेलात सोडलं. झाऱ्याने हलकेच ढवळलं. तो वास जिन्यापर्यंत आला.

"आत्याबाई!"

त्या दचकल्या, पण किटली लपवली नाही. घरात दूध नासलं तर सांगावं तितक्या साधेपणाने म्हणाल्या, "विरजन घालते गं."

"काय?"

"विरजन. दुधाला लागतं ना? नुसतं दूध कितीबी चांगलं आसू दे, विरजन घातल्याबिगर दही होतं का? तसं कोऱ्या तेलाला काय येत नाय. तुमी कढई रिकामी केली त्या दिवशी मी हे काढून ठिवलं व्हतं. आता संतोषनं तेल बदलायच्या आधी दर खेपेला वाटीभर काढते, नि नव्यात घालते. वाया नाय जात काही."

हसावं की किंचाळावं? कारण बाईंचं बरोबर होतं. अगदी तंतोतंत बरोबर होतं. विरजणासारखंच ते काम करत होतं. त्या वाटीतलं सडकं तेल डबाभर चांगल्या तेलाला एका दुपारीत आपल्यासारखं करून टाकत होतं, आणि ती वाटी दुकानाच्या पहिल्या दिवसापासून चालत आलेली होती. आम्ही कढई घासली, सोडा उकळला, पिंपं भरली, भांडलो, आणि ते तेल कधी संपलंच नव्हतं. त्या किटलीच्या तोंडाशी पिवळा, रबरासारखा थर धरला होता. मला खरोखर उलटी झाली. मागच्या मोरीत जाऊन मी ओकले.

तोंड धुऊन आले आणि सुटलेच. "मी हे सगळं कोणासाठी केलं? तुमच्या छातीसाठी! तुम्ही स्वतःच्या हाताने विष घालताय! हा वास, ही घाण, तुम्हाला काहीच कसं वाटत नाही?"

"मला न्हाई येत वास," त्या म्हणाल्या. "मला कशाचाच येत न्हाई. लय वर्षं झाली." मग म्हणाल्या, "ते म्हनले, हात गेला. माझ्या हातात काय व्हतं गं? चव त्या तेलात व्हती. मी नुसती घालायची नि काढायची."



नाना गल्ल्यावरून सगळं ऐकत होते. त्यांचा चेहरा अक्षरशः उजळला. "म्हंजे तळ दिसला खरा, पन तेल सुटलं नव्हतं!" मला वाटलं, आता त्यांच्या अंगावर किटली रिकामी करावी. तेवढ्यात आत्याबाईंना ढास लागली. आधी साधी, मग थांबेना. त्यांनी भट्टीच्या कठड्यावर हात टेकला, दुसऱ्या हाताने पंप चाचपला, तो रिकामा होता. नुसताच फुस्स आवाज. मी वर धावले नवीन पंप आणायला. परत आले तेव्हा त्या जमिनीवर बसलेल्या, डोळे बाहेर आलेले, आणि नाना त्यांची पाठ चोळत, "सुला, सुला" करत होते. नानांनी त्यांना नावाने हाक मारलेली मी तोवर ऐकली नव्हती. औषध आत गेलं. श्वास हळूहळू ताळ्यावर आला.

त्यांना वर नेऊन निजवलं आणि मी खाली आले, तर नाना किटली पिंपात उलटी धरून उभे होते. तेल संथ पडत होतं. ते संपेपर्यंत त्यांनी हात हलवला नाही. मग विरजण पडलेली अख्खी कढईही त्यांनीच संतोषला पिंपात ओतायला लावली. किटली घासून घ्यावी का, असं मी विचारलं, तर म्हणाले, "टाकून दे. घरात नगं ती."

त्यानंतर नाना रोज सकाळी आत्याबाईंच्या आधी खाली उतरू लागले. डबा तेच फोडायचे, तेच ओतायचे. पहिल्या दोन घाण्यांत आम्ही चिवड्याचे शेंगदाणे आणि डाळं तळायचो, म्हणजे भजी सोडायची वेळ येईपर्यंत तेलाला रंग यायचा. 'हात गेला' म्हणणारे थोडे दिवस कुरकुरले, मग गप्प खायला लागले. काही आलेच नाहीत परत. नानांनी त्यांचं नाव काढलं नाही. भिंती आम्ही गरम सोड्याने धुतल्या, पंखा बदलला. पावसाळा गेला. आत्याबाई जिना न थांबता चढायला लागल्या. रात्री आत्याबाईंच्या खोलीतून खोकला येत नाही, हे लक्षात यायलाही मला आठवडा लागला.

दिवाळीच्या जरा आधी त्या जेवताना म्हणाल्या, "आमटीत हिंग जास्त झाला का गं?"

संतोषने आणि मी एकमेकांकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी कोथिंबिरीची जुडी नाकाशी धरून ठेवली, बराच वेळ. मग देवापुढची अगरबत्ती. मग धुण्याचा साबण. डॉक्टर म्हणाले, सूज उतरली की काही जणांचा वास परत येतो. मला इतका आनंद झाला की मी कॉलेजच्या बाहेरून चमेलीचा गजरा आणून त्यांच्या हातात ठेवला. मला वाटलं, आता ही लढाई जिंकली.

परवा दुपारी मी घरी आले तर त्यांच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आत्याबाई जमिनीवर बसल्या होत्या. कपाट उघडं होतं आणि सगळी लुगडी, साड्या, ब्लाउज, शाल, दुलई, सगळं त्यांच्याभोवती पसरलेलं. त्या एकेक उचलून नाकाशी न्यायच्या आणि बाजूला टाकायच्या. धुतलेल्या, घडी केलेल्या साड्या. पण तो वास मला दारातच आला. सुतात शिरलेला खवट वास साबणाने जात नाही, हे मला कोणी सांगायला हवं होतं?

"योगिनी," त्या म्हणाल्या, "हे समदं असंच हाय. एकबी धड नाय."

"जुन्या आहेत ना. कपाट बंद होतं म्हणून कोंदट वास येतो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग ढिगातून एक मोरपंखी, जरीकाठाची साडी ओढली. "ही मी तुला बघायला आले तवा नेसले व्हते. तुझी आई माझ्या शेजारी बसली व्हती. सोफ्यावर. लय येळ बसली व्हती. काय म्हनली का गं ती, मी गेल्यावर?"

आईने त्या दिवशी पाहुणे गेल्यावर घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या होत्या. सोफ्याची खोळ धुवायला काढली होती. आणि मला विचारलं होतं, तुला जमेल का गं तिथे? आम्ही दोघी हसलो होतो. खूप हसलो होतो.

"नाही हो," मी म्हणाले. "काही नाही म्हणाली."

"आन तू?"

इतकी वर्षं ज्या वासाचा मी तिटकारा केला, जो मी गच्चीच्या टोकाला वाळत घातला, तो वास मला त्या खोलीत पहिल्यांदाच सहन झाला. सहन झाली नाही ती मी स्वतः. माझं पित्त, माझा रोखलेला श्वास, सगळ्याचा मला ओकारी येईल इतका वीट आला. मी साड्या बाजूला करून त्यांच्या शेजारी बसले, अगदी चिकटून.

त्यांनी माझा हात धरला. घट्ट धरला, आणि मग तो वास मला लागेल म्हणून लगेच सोडला.